केळं झाडाचं की जमिनीचं?

खजूर झाला, सफरचंद झालं, मग नातवाने केळं उचललं. झाडाच्या फळाची बराखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारी छोटी प्रार्थना, ओठांवर होतीच, तीच तो पुढे म्हणू लागला तशी आजीने त्याचं मनगट धरलं. "थांब रे. केळं जमिनीचं." मुलगा खिडकीबाहेर बोट दाखवतो. परसात माणसाहून उंच केळ उभी आहे, घड लोंबतोय. "आजी, ते बघ ना झाड!" मलिद्याच्या ताटापाशी असला प्रसंग बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, अष्टागरात, मुंबईत, आणि आता इस्रायलातल्या रामले-दिमोनातही. पोराचं म्हणणं डोळ्यांना पटतं. आजीचं पटायला वेळ लागतो. आणि तरीही आजीच बरोबर असते, ही गोष्ट एकदा मनात शिरली की सहजी बाहेर पडत नाही.

ताट तसं साधंच. भिजवून निथळलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलचीची पूड, बदाम-पिस्त्याचे काप, मनुका. कडेने फळं, आणि वासासाठी गुलाब. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटला म्हणून हे ताट मांडतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ज्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली असं मानतात, तिथेही हेच ताट जातं. पण ताटातलं काही तोंडात जाण्याआधी प्रत्येक जिन्नसाला त्याची बराखा मिळावी लागते. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी, सुगंधाची वेगळी. सगळ्यांवर मिळून एकच नमस्कार घालून मोकळं होता येत नाही.

केळ्याचा निर्णय जुना आहे. योसेफ कारो यांनी आजच्या इस्रायलातल्या सफेद (त्सफात) नावाच्या गावी 'शुल्हान आरुख' हा धर्मनियमांचा ग्रंथ 1563 साली पुरा केला आणि 1565 साली तो व्हेनिसला छापला गेला. त्यात केळ्याचं नाव घेऊन लिहिलं आहे की त्यावर जमिनीच्या फळाची बराखा म्हणावी. कसोटी अशी: फळ काढून घेतल्यावर जी फांदी मागे राहते तिलाच पुढच्या वर्षी पुन्हा फळ येत असेल, तर ते झाड. नारळ, आंबा, चिकू, डाळिंब या कसोटीला उतरतात. केळ उतरत नाही. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला हे कारोंनी सांगायची गरज नाही. घड उतरवला की तो खुंट संपला, तो कापून टाकायचा, आणि बुडातून जे मुनवे फुटतात त्यातला एक राखायचा. एका खुंटाला जन्मात एकच घड. म्हणजे आजी जे सांगत होती ते धर्मशास्त्र होतं आणि तितकंच शेतीशास्त्रही. अननसाचीही तीच गत.

पपईपाशी मात्र शास्त्री आपसांत भांडले आहेत. खोड उभं राहतं, वरून फळंही पुन्हापुन्हा येतात, म्हणून काहींनी तिला झाड म्हटलं. पण खोड आतून पोकळ, लावल्यापासून वर्षाच्या आत फळ, आणि काही वर्षांतच ती आटोपते, म्हणून विसाव्या शतकातले थोर न्यायकर्ते ओवादिया योसेफ यांच्यासारख्यांनी ती जमिनीची ठरवली. या वादाला बराखेपेक्षाही मोठं टोक आहे. तोराह, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, सांगते की लावलेल्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत. पपई झाड ठरली तर तिचं बहुतेक सगळं आयुष्य त्या बंदीतच जाईल. एका फळाचं नाव काय ठेवायचं यावर ते पानात येणार की नाही हे ठरतं. हे वाचताना कुणाला कीस काढणं वाटेल. मला हीच या शिकवणीची सगळ्यात प्रेमळ बाजू वाटते: आभार मानायचे तर आधी समोरचं काय आहे, कुठून आलं, कसं वाढलं हे नीट माहीत हवं. ज्याची ओळख नाही त्याचे आभार कसे मानणार?

तालमूद या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथाच्या 'बराखोत' (बराखाचं अनेकवचन) या पहिल्याच भागात राबी, म्हणजे धर्मगुरू, लेवी एक पेच मांडतात. स्तोत्रांत एके ठिकाणी म्हटलंय की पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं देवाचं आहे. दुसरीकडे म्हटलंय की आकाश देवाचं, पण पृथ्वी त्याने माणसांना दिली. मग खरं काय? दोन्ही खरं. पहिलं बराखा म्हणण्याआधी, दुसरं म्हटल्यानंतर. बराखा न म्हणता खाणं म्हणजे देवळाच्या मालकीची वस्तू परस्पर वापरण्यासारखं, असंही तिथे बजावलेलं आहे. पुढचा सल्ला अगदी व्यवहारी आहे: चूक होऊ नये म्हणून आधी जाणत्याकडे जा आणि बराखोत शिकून घे. भक्तिभाव दाटून येईपर्यंत थांब, असं कुणी म्हणत नाही. शिकून घे, म्हणतात.

आणि शिकण्यासारखं खरोखर बरंच आहे. फळ उजव्या हातात धरायचं. केळं असेल तर आधी सोलायचं, बदाम असेल तर आधी फोडायचा, आत किडका निघाला तर म्हटलेली बराखा वाया जाते. सोलत बसलात आणि बराखा आधी म्हटली, तर शब्द आणि घास यांच्यात फट पडते. तीही नको. हिब्रूतले पहिले सहा शब्द सगळ्या बराखांना सारखेच, 'धन्य तू परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा' या अर्थाचे. वेगळेपण त्याच्या पुढे सुरू होतं. म्हणून गडबड होते तीही तिथेच. शेवटचा शब्द चुकला तर 'तुला शांती असो, गुरुवर्य' इतकं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, म्हणजे दोनेक सेकंदांत, तो सुधारून घेता येतो. घास गिळेपर्यंत बोलायचं नाही. बराखा म्हटली आणि फळ हातातून सटकून चिखलात गेलं, तर दुसरं उचलून पुन्हा म्हणावी लागते. मात्र म्हणतानाच मनात ताटातली सगळी फळं धरली असतील तर लागत नाही. वाया गेलेल्या बराखेनंतर देवाच्या राज्याचं नाव सदैव धन्य असो, एवढी एक ओळ म्हणून पुढे जायचं.

चुकीलाही इथे दिशा आहे. आंब्यावर चुकून जमिनीची बराखा म्हटली तर ती चालून जाते, कारण झाडही शेवटी जमिनीतच उभं असतं. काकडीवर झाडाची म्हटली तर चालत नाही. आणि सगळ्यांच्या मागे एक सर्वसाधारण बराखा उभी असते, 'ज्याच्या शब्दाने सर्व काही झालं' अशी. पाणी, दूध, मासळी, अंडी यांची ती हक्काचीच. बाकी कशावरही ती चुकून म्हटली गेली तर निभावून नेते. पण तिच्याच भरवशावर राहून बाकीच्या शिकायच्याच नाहीत, याला शास्त्र्यांचा नकार आहे.

मराठी स्वयंपाकघरात हा हिशोब जास्तच रंगतो. गव्हाच्या पोळीला भाकरीचा, म्हणजे खऱ्या अर्थाने अन्नाचा मान. तिच्या आधी भांड्याने हात धुवायचे, उजव्यावर दोनदा, डाव्यावर दोनदा. भांड्याची कड फुटकी किंवा बूड गळकं नको. बोटातली अंगठी काढायची, नखाखालचं पीठ काढायचं, कारण पाणी सगळीकडे पोचलं पाहिजे. हात पुसेपर्यंत आणि पहिला तुकडा मिठाला लावून खाईपर्यंत गप्प. पोळीची हामोत्सी नावाची बराखा एकदा झाली की पानातली भाजी, आमटी, भात सगळं तिच्या पदराखाली येतं. पण पानात पोळी नसून ज्वारी-बाजरीची भाकरी असेल, तर हात धुण्याचा हा विधीही नाही आणि हामोत्सीही नाही, कारण तोराहच्या लेखी भाकर होते ती गहू आणि जवासारख्या पाच धान्यांचीच. मग ज्वारीच्या भाकरीला सर्वसाधारण बराखा. तांदळाच्या भाकरीला आणि भाताला मधली जागा: आधी म्हणायची ती धान्याच्या पदार्थाची, पण जेवल्यावर म्हणायची ती साध्या खाण्याची. भात ना पुरता इकडचा ना पुरता तिकडचा. भातावर जगणाऱ्या किनाऱ्यावर हे ऐकून आधी थोडं वाईट वाटतं. मग लक्षात येतं की मोठेपणाची ही उतरंड नाही. मुळात ती एका दुसऱ्या मातीतल्या पिकांची यादी आहे, आणि आपलं पीक तिच्यात बसवायला शास्त्र्यांनी किती खटपट केली ते दिसतं.

बेने इस्रायलींच्या बाबतीत हे सगळं कसं टिकलं याची जी परंपरागत गोष्ट सांगतात, तीही स्वयंपाकघरातलीच आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शतकं काढलेली ही माणसं. तेलाचा घाणा चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून शनिवार तेली. ग्रंथ हरवलेले, हिब्रू विसरलेली, ओठांवर राहिलेला एक शेमा, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, तोच जन्माला, तोच लग्नाला, तोच मरणाला. दावीद रहाबी नावाचा यहुदी तिथे पोचला. ही माणसं आपलीच का, हे पाहायला त्याने बायकांसमोर मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी एका बाजूला काढली, उरलेली दूर सारली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. का, ते सांगता आलं नसेल. पण हात चुकले नाहीत. मांसात दूध मिसळायचं नाही म्हणून मटणाच्या रश्शात दुधा-दह्याऐवजी नारळाचं दूध घालायची रीतही तशीच हातांनी सांभाळलेली. पुस्तक गेलं तरी अर्थ राहू शकतो तो अशाच जागी.

पुढे शब्दही परत आले, आणि मराठीतून आले. 1846 साली मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, छापला गेला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात एकामागून एक प्रार्थना मराठीत आणल्या. यात कमीपणा काही नाही, हे तालमूदनेच आधी सांगून ठेवलं होतं. बन्यामिन नावाच्या एका मेंढपाळाची तिथे आठवण आहे. त्याने भाकर गुंडाळून घेतली आणि आपल्या रोजच्या अरामी बोलीत म्हणाला, या भाकरीचा धनी धन्य असो. ठरलेले शब्द नाहीत, ठरलेली भाषा नाही. पंडितांनी त्यावर खल केला आणि त्याची बराखा मान्य केली.

दिवसाला शंभर बराखा म्हणाव्यात असं राबी मेइर यांचं सांगणं आहे. ऐकताना आकडा अंगावर येतो, हिशोब मांडला की आवाक्यात येतो. उभं राहून करायच्या मुख्य प्रार्थनेत एकोणीस बराखा, ती दिवसातून तीनदा, म्हणजे 57. सकाळच्या उठण्याच्या, डोळे उघडल्याच्या, कपडे घातल्याच्या वगैरे मिळून पुढचा मोठा हिस्सा. दोन जेवणं आणि मधलं खाणंपिणं यांत उरलेल्या भरतात. अडचण येते ती शबाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी. त्या दिवशी मुख्य प्रार्थना चारदा होते, पण तिच्यात सातच बराखा, म्हणजे 28. आठवड्यातल्या सगळ्यात पवित्र दिवशी तूट. ती भरून कशी काढायची? राबी हिय्या बार अविया ती सुगंधाने आणि चविष्ट खाण्याने भरून काढत, असं तालमूद सांगतं. फळं जास्त खा, फुलं हुंगा. मोगऱ्याला आणि गुलाबाला सुगंधी झाडांची बराखा, रानातल्या सुवासिक पाल्याला वेगळी. अत्तर म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम वासाला काही नाही, आणि संडासातली दुर्गंधी झाकायला ठेवलेल्या सुगंधालाही नाही, कारण तो सुखासाठी ठेवलेला नसतो.

संडासाची गोष्ट निघालीच आहे तर ती टाळायला नको. तिथून बाहेर येऊन हात धुतल्यावर म्हणायचीही एक बराखा आहे, चौथ्या शतकातल्या अब्बये यांची. माणसाला शहाणपणाने घडवलं, त्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या. त्यांतलं एक जरी फाटलं किंवा एक जरी तुंबलं, तरी तुझ्यासमोर उभं राहणं अशक्य होईल. एवढंच. देह घाण आहे म्हणून नाक मुरडणं नाही, देहाला सोन्याचा मुलामा देणंही नाही. निरोगी माणूस ती दिवसातून पाच-सहा वेळा ओठांतल्या ओठांत उरकतो. डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे तेच शब्द ठेवा, म्हणजे त्यांचं वजन कळेल.

उरकण्याचा प्रश्न खराच आहे, आणि तो बाहेरच्यांनी काढलेला नाही. यशया संदेष्ट्याने फार पूर्वी दुखऱ्या आवाजात म्हटलं होतं, हे लोक ओठांनी माझा मान राखतात, मन मात्र दूर आहे. शंभरातल्या नव्वद बराखा मनाला स्पर्श न करता निघून जातात, हे रोज म्हणणारा कुणीही कबूल करेल. मग सोडून का देत नाहीत? मला यावर एकच उत्तर पटतं. मन दर वेळी हजर नसतं, पण थबकणं हजर असतं. घास हातात आहे, भूक आहे, आणि तरी दोन सेकंद घास तोंडात जात नाही. ही दोन सेकंदं रिकामी असली तरी ती तिथे असतात. ज्या दिवशी काही आत शिरू पाहतं त्या दिवशी त्याला दार सापडतं.

सगळंच गोड नाही, हेही सांगायला हवं. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ गाभा, सांगते, चांगल्यासाठी बराखा म्हणता तशी वाइटासाठीही म्हणा. जवळच्या माणसाच्या मृत्यूची बातमी कानावर आली की 'खरा न्यायाधीश धन्य' असं म्हणतात आणि उभं राहून अंगावरचं वस्त्र वीतभर नव्हे, पण चार बोटं तरी फाडतात. आई किंवा वडील गेले असतील तर डाव्या बाजूला, काळजावर. हे शब्द ओठांवर येताना माणूस संतापलेला असू शकतो. त्याने आनंदाने म्हणावं असं कुणी सांगत नाही, नुसतं म्हणावं असं सांगतात. या जागी माझं मन दर वेळी दोन बाजूंना ओढलं जातं. एक बाजू म्हणते, हे क्रूर आहे, निदान आज तरी त्याला गप्प राहू द्या. दुसरी म्हणते, ज्याला त्या क्षणी एकही शब्द सुचत नाही त्याला कुणीतरी दोन शब्द हातात दिले, ही मोठी दया आहे. निवाडा होत नाही.

आणि मग उन्हाळा येतो. वर्षातून एकदाच येणाऱ्या फळावर मोसमात पहिल्यांदा एक जास्तीची बराखा म्हणतात: आम्हाला जगवलंस, सांभाळलंस, या दिवसापर्यंत आणलंस. केळ्याला ती कधीच नाही, ते बारमाही. हापूसला आहे. इथेही नियम बारकाईने लागतात. फळ पुरतं तयार झालेलं हवं, म्हणून चैत्रातल्या कैरीच्या फोडीवर किंवा ताज्या लोणच्यावर ती म्हणायची नाही, अढीतला आंबा पिकेपर्यंत थांबायचं. दोन जातींचं कलम करून आणलेल्या फळावर काही शास्त्री ती म्हणू देत नाहीत. पण हापूसचं कलम आंब्याच्याच कोयीच्या रोपावर बांधलेलं असतं, तेव्हा ती अडचण नाही. तीन वर्षांच्या बंदीचीही चिंता कमी, कारण नव्या कलमाला अंग धरू द्यायला बागायतदार पहिली काही वर्षं मोहोर खुडूनच टाकतात. पहिला आंबा बराखेविना खाऊन संपवला तर दुसऱ्यावर ती म्हणता येत नाही, पुढच्या वर्षापर्यंत गेली. आणि हापूसवर म्हटल्यावर आठवड्याने पायरी घरात आली, तर तिच्यावर पुन्हा म्हणायची का? इथे मतं फुटतात, कुणी म्हणतं फळ एकच, कुणी म्हणतं चव वेगळी. वादात न पडता सुटायचा रस्ता असा की हापूस मिळाल्या मिळाल्या कापायचा नाही. पायरी येईपर्यंत धीर धरायचा, दोन्ही एकाच ताटात मांडायचे, धुऊन, पुसून, देठाचा चीक काढून, आणि दोन्हींकडे बघत एकदाच म्हणायचं.